काजरा, कोळंबी आणि खून

कोकणातल्या रानात काजऱ्याची झाडं आहेत. फळ नारिंगी, गोल, पाहताक्षणी हात पुढे व्हावा असं. आतल्या बिया चपट्या, करड्या, अंगावर बारीक लव असलेल्या. या बियांना कुचला म्हणतात. वैद्य त्या शुद्ध करून अगदी मोजक्या मात्रेत औषधात वापरतात. शुद्ध न करता पोटात गेल्या, तर माणूस झटके येऊन, शरीर ताठ होऊन मरतो. त्यातल्या मारक द्रव्याचं नाव स्ट्रिक्निन.

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हेच स्ट्रिक्निन अत्यल्प प्रमाणात शक्तिवर्धक म्हणून दिलं जाई. टॉर्की नावाच्या समुद्रकाठच्या गावी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, इस्पितळाच्या औषधशाळेत पंचविशीतली एक बाई अशा बाटल्या भरत असे. गर्दी नसली की तासन् तास रिकामे जात. चहूबाजूंनी विषांची कपाटं. मोठ्या बहिणीने पूर्वी कधीतरी तिला डिवचलं होतं, की चांगली रहस्यकथा लिहिणं तुला जमायचं नाही. ते आव्हान मनात होतंच. त्या रिकाम्या तासांत तिने कथा रचायला घेतली.

त्या बाईचं नाव अगाथा ख्रिस्ती. पुढे तिच्या ६६ रहस्यकादंबऱ्या आल्या, जगातल्या बहुतेक प्रमुख भाषांत गेल्या, मराठीतही आल्या. खपलेल्या प्रतींचा अंदाज २ अब्जांच्या घरात जातो. आज ज्याला कोझी मिस्टरी म्हणतात, त्या साऱ्या लेखनाचा उगम शोधत गेलं की आपण हिच्या दारात येऊन पोहोचतो. आणि दार उघडून आत पाहिलं की थक्क व्हायला होतं, कारण तिथे पोलिसी दफ्तरं नाहीत आणि गुन्हेगारी जगाची ओळखही नाही. तिथे आहेत औषधाच्या बाटल्या, आजीचं कोठीघर, शेजारणींच्या गप्पा आणि शाळकरी वह्या.

बाटलीच्या तळाशी

पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’. खुनी कोण, ते इथे सांगत नाही. पण खून कसा होतो ते पाहण्यासारखं आहे.

एका श्रीमंत बाईला रोज स्ट्रिक्निनयुक्त शक्तिवर्धक घ्यायची सवय आहे. बाटलीत बरेच डोस, प्रत्येक डोसात स्ट्रिक्निन अगदी थोडं, निरुपद्रवी. आता या बाटलीत कुणी ब्रोमाइडची पूड टाकली तर काय होईल? ब्रोमाइड हे त्या काळी झोपेसाठी घेतलं जाणारं घरगुती औषध. ते स्वतः मारक नाही. पण दोन्ही एकत्र आले की स्ट्रिक्निनचा जो क्षार तयार होतो, तो पाण्यात फारसा विरघळत नाही. त्याचे बारीक पारदर्शक स्फटिक होतात आणि हळूहळू तळाशी बसतात. बाटली न हलवता रोज वरचं औषध ओतून घेत राहिलं, तर काहीच होत नाही. शेवटच्या डोसात मात्र साऱ्या बाटलीतलं विष एकदम पोटात जातं.

विष बाहेरून आणलं नाही, चोरलं नाही. तिच्याच औषधात होतं ते, तिच्याच खोलीत. खुन्याने फक्त त्याची जागा बदलली.

ही युक्ती अगाथाने कल्पनेतून काढलेली नाही. औषध बनवणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकात असं मिश्रण करू नये म्हणून धोक्याची सूचना दिलेली असे. शेकडो विद्यार्थ्यांनी ती वाचली, परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरून गेले. अगाथाने त्या सूचनेत कथा पाहिली. कादंबरी १९१६ साली लिहून झाली. शेवटचा टप्पा तिने डार्टमूरच्या माळावरच्या एका हॉटेलात दोन आठवडे एकटीने राहून पुरा केला. काही प्रकाशकांनी ती परत पाठवली. १९२० साली ती अमेरिकेत आणि १९२१ साली ब्रिटनमध्ये निघाली, आणि लेखिकेच्या हाती पडले २५ पौंड. तिला सर्वांत जास्त आनंद झाला तो औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने केलेल्या कौतुकाचा. विषाची माहिती अचूक आहे, असं खुद्द त्या क्षेत्रातल्या माणसांनी म्हटलं होतं.

त्याच औषधशाळेच्या काळातले दोन प्रसंग तिच्या आत्मचरित्रात आहेत. परीक्षेच्या तयारीसाठी ती एका अनुभवी औषधविक्रेत्याकडे शिकायला जाई. एकदा त्याने औषध बनवताना हिशेबात दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिलं. म्हणजे दहापट मात्रा. तिच्या ते लक्षात आलं. पण शिकाऊ मुलीने एवढ्या मोठ्या माणसाची चूक दाखवायची कशी? तिने तो तयार औषधांचा ट्रे हातातून पडू दिला आणि वर पाय देऊन सगळं चिरडून टाकलं. मग माफी मागितली. औषध पुन्हा, योग्य मात्रेत बनवलं गेलं.

दुसरा प्रसंग याच गृहस्थाचा. त्याने एके दिवशी खिशातून एक काळसर गोळा काढून दाखवला. क्युरारे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणाला लावतात ते विष. हे खिशात का ठेवता, असं तिने विचारल्यावर त्याने सांगितलं, की ते जवळ असलं की आपल्याला बलवान वाटतं. वरकरणी साधा, गोबऱ्या चेहऱ्याचा, गावातला प्रतिष्ठित माणूस. अगाथा त्याला विसरली नाही. १९६१ साली ‘द पेल हॉर्स’ लिहिताना, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षांनी, तो माणूस तिच्या कामी आला.

हेच तिचं लेखनाचं भांडवल. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट ती एकदा नीट पाहून ठेवी आणि वेळ येईपर्यंत जपून ठेवी.

रक्त पाहिलेली लेखिका

कोझी मिस्टरी म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. गाव लहान. माणसं मोजकी आणि एकमेकांना ओळखणारी. खून होतो, पण वाचकाच्या समोर होत नाही. रक्तपाताची वर्णनं नाहीत. शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलिसात नसते. पुस्तकं विकणारी, बागकाम करणारी किंवा निवृत्त झालेली कुणीतरी असते. पुरावे सगळे वाचकाच्या पुढ्यात मांडलेले असतात. शेवटी उत्तर मिळतं आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. हे नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं. प्रकार मात्र दोन महायुद्धांमधल्या वर्षांत घडला.

अशा पुस्तकांवर एक आरोप नेहमी होतो. या लेखिकांना खरा मृत्यू ठाऊक नसतो, म्हणून त्या असं गोडगोड लिहितात. अगाथापुरता तरी हा आरोप साफ खोटा आहे. औषधशाळेत जाण्याआधी ती त्याच इस्पितळात स्वयंसेवी परिचारिका होती. टॉर्कीच्या नगरभवनात उघडलेलं ते रेडक्रॉसचं इस्पितळ. फ्रान्सच्या रणभूमीवरून जखमी सैनिक यायचे. ड्रेसिंग करणं, शस्त्रक्रियेच्या वेळी उभं राहणं, फरशी पुसणं ही तिची कामं. कापलेला पाय भट्टीत नेऊन टाकायचं कामही तिने केलं. रेडक्रॉसच्या नोंदीनुसार तिने ३४०० तास बिनपगारी सेवा केली, आणि पुढे औषधशाळेत वर्षाला १६ पौंडांवर काम केलं.

हे सगळं पाहिलेल्या बाईने ठरवून, एखाददुसरा अपवाद सोडला तर, रक्ताला पानावर जागा दिली नाही. यात मला फार मोठी समज दिसते. तिचे पहिले वाचक कोण होते? ज्यांचे भाऊ, मुलगे, नवरे खंदकांत मेले होते ते. का मेले, कुणामुळे मेले, याला उत्तर नव्हतं. अगाथाच्या पुस्तकात मृत्यूला कारण असतं. एक माणूस मेला तर अख्खं पुस्तक त्याची दखल घेतं, प्रत्येकाची चौकशी होते, आणि सत्य सापडेपर्यंत कुणी थांबत नाही. ज्या जगात लाखो मृत्यू बेहिशेबी गेले, तिथे एकेका मृत्यूचा हिशेब लावणारी पुस्तकं लोकांना जवळची वाटली. यातला दिलासा पोकळ नाही.

त्याच युद्धामुळे बेल्जियममधून पळून आलेले निर्वासित टॉर्कीच्या परिसरात राहत होते. घरदार गेलेली, परक्या लोकांच्या उपकारावर जगणारी माणसं. आपल्या गुप्तहेराला गाव द्यायची वेळ आली तेव्हा अगाथाला ती आठवली, आणि एर्क्यूल प्वारो हा निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी जन्मला. जगातला सर्वांत प्रसिद्ध परदेशी गुप्तहेर मुळात एक निर्वासित आहे.

आजीचं कोठीघर

प्वारो कीर्तीने मोठा, पण कोझी मिस्टरीची खरी आई मिस जेन मार्पल. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहणारी, लग्न न केलेली, हातात कायम विणकाम असलेली म्हातारी. १९२७ च्या डिसेंबरात ती एका मासिकातल्या कथेत पहिल्यांदा दिसली. १९३० साली ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ ही तिची पहिली कादंबरी आली. एकूण १२ कादंबऱ्या आणि २० कथा.

ती आली कुठून? अगाथाच्या वडिलांची सावत्र आई मार्गारेट मिलर लंडनजवळ ईलिंगला राहत असे. लहानपणी अगाथा तिच्याकडे जाई. कोठीघर कुलपात. रोज सकाळी आजी ते उघडून स्वयंपाकिणीला त्या दिवसापुरतं सामान मोजून काढून देई. वय झालेल्या मैत्रिणी गप्पांना येत. ही आजी हसतमुख, प्रेमळ. पण माणसांविषयी कायम वाईटातलं वाईट गृहीत धरणारी. आणि बहुतेक वेळा तिचं म्हणणं खरं ठरे. याचं त्या लहान मुलीला आश्चर्य वाटे. मिस मार्पल म्हणजे हुबेहूब आजी नव्हे, असं अगाथाने सांगितलं आहे, पण हा एक गुण मात्र आजीचाच.

दुसरा धागा आणखी मजेदार. १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ मध्ये कॅरोलाइन नावाची डॉक्टरांची बहीण आहे. घराबाहेर पाऊल न टाकता दूधवाला, मोलकरणी, शेजारणी यांच्याकडून गावची बित्तंबातमी काढणारी. अगाथाचं हे आवडतं पात्र. त्या कादंबरीचं नाटक झालं तेव्हा नाटककाराने या प्रौढ बाईला काढून तिच्या जागी तरुण मुलगी घातली. अगाथाला ते लागलं. गावोगावच्या अशा बायकांना स्वतःची जागा मिळायला हवी, असं तिला वाटलं. मिस मार्पलच्या मागे ही बोच आहे.

मिस मार्पलची शोधाची रीत जगावेगळी आहे. पहिल्याच कथेत काही मंडळी मंगळवारी संध्याकाळी जमतात. त्यात लेखक आहे, चित्रकार आहे, वकील आहे, पाद्री आहे आणि स्कॉटलंड यार्डचा माजी प्रमुखही आहे. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेलं एक रहस्य सांगायचं आणि बाकीच्यांनी सोडवायचं, असं ठरतं. कोपऱ्यात विणत बसलेल्या म्हातारीला कुणी धरतच नाही. न सुटलेल्या रहस्यांचा विषय निघाल्यावर ती सांगते, की एका बाईंनी सोललेली कोळंबी विकत घेतली, आणखी दोन दुकानांत गेल्या, आणि घरी येऊन पाहतात तर कोळंबी गायब! बाकीचे हसू दाबतात. पण खऱ्या खुनाचं उत्तर शेवटी तिलाच सापडतं, आणि तेही गावातला एक असाच प्रसंग आठवून.

तिचं म्हणणं असं, की माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखा. खेड्यात तो जवळून पाहायला मिळतो, एवढाच फरक. म्हणून एखाद्या अनोळखी माणसाला पाहून तिला गावातला कुणीतरी आठवतो आणि ती सावध होते. हिचं शिक्षण कुठल्या विद्यापीठात झालेलं नाही. चांदीची भांडी कोण घासतं, पत्रं कधी येतात, कुठली मोलकरीण अचानक नोकरी सोडते, कुणाच्या घरी सकाळी उशिरा जाग येते, हे तिचं ज्ञान. तिला पक्षी पाहायचा छंद आहे आणि त्यासाठी दुर्बीण आहे. बागेत निंदणी करत बसलं की रस्त्यावरून कोण गेलं ते सहज दिसतं.

ज्या ज्ञानाला घरात, गावात, कचेरीत कुणी ज्ञान म्हणत नाही, त्याला या पुस्तकांनी पुराव्याचा दर्जा दिला. कोझी मिस्टरीचं सारं मोठेपण मला यात वाटतं.

जिथे जाईल तिथे गाव

अगाथाच्या कादंबऱ्यांतल्या बऱ्याच जागा खऱ्या आहेत. डेव्हन परगण्यात डार्ट नदीकाठी ग्रीनवे नावाचं घर तिने १९३८ साली ६००० पौंडांना घेतलं. उन्हाळ्यात सारं कुटुंब तिथे जमायचं. नदीवरचं त्याचं नौकाघर ‘डेड मॅन्स फॉली’ मध्ये आहे. तिथेच प्रेत सापडतं. बागेतली तोफांची जुनी गच्ची ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ मध्ये आहे. आज हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि वाचक पुस्तक हातात घेऊन तिथे फिरतात. डेव्हनच्याच किनाऱ्यावर बर्ग आयलंड आहे. भरतीला पाण्याने वेढलं जाणारं, ओहोटीला वाळूवरून चालत जाता येणारं ते बेट ‘इव्हिल अंडर द सन’ मध्ये ओळखू येतं.

पण ती इंग्लंडपुरती राहिली नाही. १९२६ साली आई गेली, संसार मोडला, आणि ११ दिवस ती स्वतःच बेपत्ता झाली. ते वर्ष तिने मागे टाकलं. १९२८ साली ती एकटीच ओरिएंट एक्स्प्रेसने निघाली, ती बगदादपर्यंत गेली. पुढे उरच्या उत्खननावर मॅक्स मॅलोवन हा तरुण पुरातत्त्वज्ञ भेटला आणि १९३० साली त्यांनी लग्न केलं. मग वर्षानुवर्षं हंगामाला इराक आणि सीरियात मुक्काम. निमरूदला सापडलेल्या हस्तिदंती वस्तूंच्या बारीक खाचांतला मळ ती विणायच्या सुईने आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमने काढी.

१९३१ च्या डिसेंबरात ती परत येत असताना पुराने रूळ उखडले आणि ओरिएंट एक्स्प्रेस अडकून पडली. डब्यातल्या सहप्रवाशांचं वर्णन तिने नवऱ्याला पत्रात कळवलं. १९३४ साली ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ आली. पुराच्या जागी बर्फ आलं, एवढंच.

नाइलवरची बोट घ्या, उत्खननाच्या जागचं मातीचं घर घ्या, बर्फात अडकलेली गाडी घ्या. प्रत्येक ठिकाणी मोजकी माणसं, बाहेर जायला वाट नाही, आणि जेवणाच्या टेबलावर रोज तेच चेहरे. अगाथाने दूरदूरच्या देशांत जाऊन खेडंच उभं केलं. कारण तिच्या रहस्याला लागतं ते एवढंच: थोडी माणसं, आणि त्यांना एकमेकांविषयी असलेली माहिती.

तिचं खेडंही गोठलेलं नाही. १९५० सालच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ मध्ये गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात येते, की अमुक घरी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होणार आहे. गावकरी काहीतरी निमित्त काढून ठरल्या वेळी हजर होतात. वाचताना गंमत वाटते, पण मागे युद्धानंतरचं इंग्लंड आहे. रेशन चालू आहे, लोणी आणि कोळशाची चोरटी देवघेव चालू आहे. पूर्वी गावात नवा माणूस आला तर कुणाच्या तरी ओळखीने येई. आता माणसं नुसती येऊन राहतात, आणि ती जे सांगतात त्यावर विश्वास ठेवावा लागतो. रहस्य याच बदलावर उभं आहे. १९६२ सालच्या ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ मध्ये तर सेंट मेरी मीडला नवी वसाहत आणि सुपरमार्केट आलेलं आहे. मिस मार्पल नव्या वसाहतीत फिरून येते आणि तिला तिथेही तीच जुनी माणसं दिसतात.

टेबल मिळालं की झालं

एवढं लिहिणाऱ्या बाईची लिहायची खोली कशी असेल? छायाचित्रकार घरी येत आणि विचारत, तुमचं लिहायचं टेबल कुठे आहे? दाखवायला काही नसे. जेवणाची वेळ नसेल तेव्हा जेवणाचं टेबल, नाहीतर निजायच्या खोलीतलं हाततोंड धुण्याचं संगमरवरी टेबल. न डुगडुगणारी जागा आणि टंकलेखन यंत्र एवढं तिला पुरे. सरकारी कागदावर व्यवसाय लिहायची वेळ आली की ती ‘विवाहित स्त्री’ असं लिही. निमरूदला मात्र तिने स्वतःच्या पैशाने एक छोटी मातीची खोली बांधून घेतली आणि १९५० साली तिथे आत्मचरित्र लिहायला घेतलं. ते पुरं व्हायला पंधरा वर्षं लागली.

कथा सुचायची ती भांडी विसळताना, किंवा न्हाणीघरात टबात बसून सफरचंदं खाताना. सुचलेलं उतरवायची ती हाताला येईल त्या वहीत. अशा ७३ वह्या टिकून आहेत. जॉन करन या अभ्यासकाने त्या वाचून २००९ साली त्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा तिच्या कामाची रीत कळली.

वह्या पाहून आधी निराशाच होते. बऱ्याच पानांवर तारीख नाही. अक्षर घाईचं. एका पानावर खुनाचं कारस्थान, पुढच्या पानावर बाजारहाटाची यादी, मध्येच पत्त्यांच्या डावाचे गुण. एका कादंबरीची टिपणं चार-पाच वह्यांत विखुरलेली. पण नीट पाहिलं की कळतं, की ही बाई स्वतःशीच प्रश्नोत्तरं खेळते आहे. खून कुणी केला? नवऱ्याने केला तर? बहिणीने केला तर? मग तो मेलाच नसेल तर? काही वेळा प्रसंगांना ती ए, बी, सी, डी अशी अक्षरं देते, आणि मग फक्त अक्षरांची उलटसुलट मांडणी करून पाहते: आधी डी, मग ए, मग सी. वाचकाला शेवटी जे अटळ वाटतं, ते अशा दहा शक्यता खोडून आलेलं असतं. खुनीसुद्धा कधी कधी वहीत बदललेला आहे.

शिस्त मात्र पोलादी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते. ती पुन्हा एका इस्पितळाच्या औषधशाळेत काम करत होती आणि लिहीतही होती. आपलं बरंवाईट झालं तर घरच्यांना आधार हवा म्हणून तिने दोन कादंबऱ्या लिहून तिजोरीत ठेवल्या. प्वारोची शेवटची कथा मुलीच्या नावाने, मिस मार्पलची नवऱ्याच्या नावाने. पहिली, ‘कर्टन’, १९७५ साली निघाली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर प्वारोची मृत्युवार्ता छापली. कधी जन्मलाच नव्हता अशा माणसाची. मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने तिने सहा वेगळ्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली एक अवघ्या तीन दिवसांत.

पुस्तकाने वाचवलेली मुलगी

विषाच्या अचूकतेचं फळ तिच्या मृत्यूनंतर एका वेगळ्याच रूपात दिसलं. १२ जानेवारी १९७६ ला अगाथा गेली. पुढच्या वर्षी कतारहून १९ महिन्यांची एक आजारी मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात आणली गेली. डॉक्टरांना निदान होईना. मुलगी खालावत चालली. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका तेव्हा ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. त्या कादंबरीत थॅलियम या विषाची लक्षणं आहेत, त्यांत केस गळणं हे ठळक. मुलीचे केस गळत होते. परिचारिकेने डॉक्टरांना सांगितलं. तपासणीत थॅलियमच निघालं. घरात झुरळं आणि उंदरांसाठी वापरलेल्या औषधातून ते पोटात गेलं होतं. उपचार झाले आणि मुलगी सुधारली. डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात हकीकत लिहिली, तेव्हा अगाथा ख्रिस्तीचे जाहीर आभार मानले.

ज्या माणसाच्या खिशातल्या विषाने तिला पूर्वी अस्वस्थ केलं होतं, तो याच पुस्तकात उतरला होता. मारणाऱ्याच्या निरीक्षणातून निघालेलं पुस्तक एका मुलीला वाचवून गेलं.

तिने घालून दिलेली वाट आज रुंद झाली आहे. ‘मर्डर, शी रोट’ या अमेरिकन मालिकेतली जेसिका फ्लेचर १९८४ पासून १२ वर्षं घराघरांत पोहोचली. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथने १९९८ पासून बोट्स्वानातली गुप्तहेर मा रामोत्स्वे उभी केली. रिचर्ड ऑस्मनला ‘द थर्सडे मर्डर क्लब’ सुचली ती त्याची आई राहते त्या निवृत्तांच्या वसाहतीत; २०२० साली आलेल्या त्या पुस्तकात चार वृद्ध मंडळी खुनाचा तपास करतात. अमेरिकेत अशा पुस्तकांना दर वर्षी जे पारितोषिक दिलं जातं, त्याचं नावच अगाथा. या सगळ्यांनी घेतलेला धडा एकच आहे. कथा शोधायला दूर जाऊ नका. आईच्या वसाहतीत, आजीच्या कोठीघरात, रोजच्या कामाच्या कपाटात ती असते.

तेव्हा ज्यांनी अगाथा ख्रिस्ती अजून वाचलेली नाही, त्यांनी मिस मार्पलच्या कथांच्या ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ या संग्रहापासून सुरुवात करावी. कथा छोट्या आहेत, एका बैठकीत दोन होतात. ज्यांनी वाचली आहे, त्यांनी आवडती एखादी कादंबरी पुन्हा काढावी आणि खुनी ठाऊक असताना वाचावी. पहिल्या वाचनात आपण तिच्याकडून फसतो. दुसऱ्या वाचनात दिसतं, की तिने काहीच लपवलेलं नव्हतं. सगळं समोर होतं आणि आपणच पाहिलं नव्हतं. तो आनंद पहिल्या आनंदाहून मोठा आहे. जरूर घ्या.